आकृती पाहा, पण काय पाहा?

(आकाशवाणीवरून दिलेले भाषण)

आज जो विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे, तो खरे पाहता नभोवाणीला मुळीच सोईचा नाही. पुस्तकात आकृती असते, नकाशा असतो, आलेख असतो. आणि मजकूर सांगता सांगता लेखक मध्येच थांबून वाचकाला म्हणतो, ‘आता तिकडे पाहा’. हे ‘तिकडे पाहा’ इंग्रजीतील विद्वान ग्रंथकार कोणत्या रीतीने म्हणतात, आपण मराठीत ते कसे म्हणत आलो, आणि त्यात चूक झाली म्हणजे कोणाचे काय बिघडते, एवढेच मला सांगावयाचे आहे. अडचण इतकीच की, या घटकेला मजजवळ फळा नाही आणि आपल्यापुढे पुस्तक नाही. अडतीस वर्षे हातात खडू धरून बोलण्याची ज्याला सवय झाली, त्याला ही अडचण लहान नव्हे.

या विषयात मी पडलो तो आपण होऊन नव्हे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक; पुढे डी. एड. करून गणित व भूगोल शिकवीत सेवानिवृत्त झालो. प्रबंध म्हणून मी कधी लिहिला नाही, आणि तसा प्रसंगही येण्याजोगा नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, विठ्ठलवाडी स्टेशनापासून पायी येण्याजोग्या अंतरावर माझे घर आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एके संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी एक जाड बाड छातीशी धरून दारात उभी राहिली. सातवीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेली ही मुलगी आता अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात होती, व वालधुनी नदीच्या पाण्यावर तिने इंग्रजीत प्रबंध लिहिला होता. वडील जीन्स शिवण्याच्या कारखान्यात कारागीर. परीक्षकांनी प्रबंध परत पाठविला होता आणि तीन आठवड्यांत तो दुरुस्त करून दिला नाही तर तिचे सत्र बुडणार होते. एका मिळवत्या माणसाच्या जिवावर पाच पाने वाढली जातात त्या घरात सत्र बुडणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको.

ती म्हणाली, “सर, पाण्याच्या तपासणीत एकही चूक काढलेली नाही. सगळी तांबडी शाई आकृत्यांवर आहे.”

मी पाने उलटून पाहिली आणि म्हणालो, “अगं, आकृत्या तर चांगल्या सुबक दिसताहेत.”

“आकृत्यांवर नाही सर. आकृत्यांविषयी मी जे लिहिलंय, त्यावर.”

तांबड्या शाईची ती टिपणे मी चष्मा लावून वाचली. मुख्यतः ती तीन प्रकारची होती. एके ठिकाणी तिने लिहिले होते ‘द बिलो फिगर’, म्हणजे ‘खालील आकृती’. त्याखाली रेघ ओढून ‘कोणती?’ असे विचारले होते. दुसऱ्या ठिकाणी एका छायाचित्राभोवती वर्तुळ काढून म्हटले होते की, चौथ्या आकृतीचा संपूर्ण प्रबंधात कोठेही उल्लेख नाही. मग ती येथे कशासाठी आहे? आणि तिसरे टिपण तर वारंवार आले होते. ‘तिसऱ्या आकृतीत दाखविल्याप्रमाणे प्रदूषण वाढत जाते’ अशा अर्थाची वाक्ये तिने जागोजागी लिहिली होती, आणि प्रत्येक ठिकाणी समासात दोनच अक्षरे होती: ‘कोठे?’

तिचे इंग्रजी काही वाईट नव्हते. मग चुकले काय? मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की त्या संध्याकाळी मला त्याचे उत्तर देता आले नाही. मी तिला दोन दिवसांनी ये म्हणून सांगितले आणि एका ओळखीच्या ग्रंथपालाकडून इंग्रजी लेखनाच्या नियमांची पुस्तके आणून वाचावयास बसलो. या वयात परीक्षेला बसल्यासारखे वाटले, पण मौजही वाटली.

प्रथम ‘द बिलो फिगर’ची गोष्ट घेऊ. मराठीत आपण ‘वरील आकृती’, ‘खालील आकृती’ असे सहज म्हणतो. विशेषण आधी, नाम मागून. तेच मनात धरून आपला मनुष्य इंग्रजीत लिहितो. गंमत अशी की ‘द अबव्ह फिगर’ इंग्रजीला चालते. पण त्याच चालीवर ‘द बिलो फिगर’ म्हटले की इंग्रज कान टवकारतो. त्याला ‘द फिगर बिलो’ हवे असते; खाली हा शब्द नामाच्या मागे. वर चालते ते खाली का चालू नये, याला रूढीखेरीज दुसरे कारण मला सापडले नाही. भाषेचे काही नियम सासूबाईंच्या नियमांसारखे असतात; ते पाळावयाचे, कारण विचारावयाचे नाही.

परंतु परीक्षकांचा खरा आक्षेप व्याकरणाचा नव्हता. ‘कोणती?’ हा त्यांचा प्रश्न होता. तिने लिहिले तेव्हा नकाशा त्या वाक्याच्या खालीच होता. पुढे मध्ये दोन परिच्छेद वाढले, पान भरले, आणि नकाशा सरकून पलीकडच्या पानाच्या माथ्यावर गेला. वाक्य मात्र आपले ‘खालील आकृती’ म्हणत जागच्या जागी बसून राहिले; आणि त्याच्या खाली आता होते एक निराळेच कोष्टक.

येथे मला आमच्या उल्हासनगरचीच आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव मिळाले तरी आकडे काही सुटले नाहीत. कॅम्प एक ते पाच, त्यांत सेक्शन, त्यांत बॅरेक नंबर, त्यात खोली. बाहेरगावच्या पाहुण्यास हे फार रूक्ष वाटते. पण मी लहानपणापासून पाहत आलो आहे की, ‘पिंपळापाशी वळा, पिठाच्या गिरणीसमोरची बॅरेक’ असा पत्ता पिंपळ असेतोवर आणि गिरणी चालू असेतोवरच खरा असतो. पिंपळ पडला, गिरणीच्या जागी कपड्याचे दुकान आले, तरी बॅरेकीचा आकडा पोस्टमनला घरी आणून सोडतो. ‘खालील आकृती’ हा पिंपळाजवळचा पत्ता होय. ‘आकृती ३’ हा बॅरेकीचा नंबर होय.

इंग्रजी विद्वानांनी हा नंबरांचा कारभार फार काटेकोर केला आहे. नकाशा असो, आलेख असो की छायाचित्र असो, सर्वांस एकच नाव ‘फिगर’, आणि सर्वांचा आकडा एकाच ओळीत. कोष्टकांची ओळ मात्र निराळी. मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतो त्याच क्रमाने आकडा. आणि ज्या आकृतीला मजकुरातून एकदाही हाक मारलेली नाही, तिला पुस्तकात जागा नाही. आकडा मिळाला की ते विशेषनाम होते, म्हणून त्यामागे ‘द’ लावावयाचा नाही. आपली मुले ‘इन द फिगर थ्री’ असे हमखास लिहितात. त्या मुलीला मी म्हटले, “तू ‘आय लिव्ह इन द कॅम्प फोर’ म्हणशील का?” ती हसली, आणि ती चूक तिने पुन्हा केली नाही. ‘ॲज शोन इन फिगर थ्री’ असे म्हणावयाचे, त्यात मध्ये ‘इट इज’ घुसडावयाचे नाही, हेही तिने तेव्हाच टिपून घेतले.

याउपर मात्र इंग्रजी पंडितांतही एकमत नाही. शिकागो विद्यापीठाची नियमपुस्तिका १९०६ साली प्रथम निघाली व आजही ती प्रमाण मानतात; ती चालू मजकुरात ‘फिगर’ शब्दाचे पहिले अक्षर लहानच ठेवते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची संस्था ते अक्षर मोठे लिहावयास सांगते, शब्द आखडू देत नाही, आणि ‘वरील’, ‘खालील’, ‘अमुक पानावरील’ या तिन्ही प्रकारांस साफ बंदी करते. विद्युत-अभियंत्यांची संस्था म्हणते की ‘फिग.’ एवढेच लिहा, वाक्याच्या आरंभीसुद्धा. म्हणजे एका घरातला शिष्टाचार दुसऱ्या घरात गैरशिस्त ठरतो. ज्याच्या पंक्तीला बसावयाचे त्याची रीत आधी विचारून घ्यावी, यापलीकडे त्यात अधिक पाहण्यासारखे नाही.

खरी पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. ती म्हणजे वाक्याची घडण. इंग्रजीत वाचकाला आकृतीकडे नेण्याच्या तीन वाटा आहेत. पहिलीत आकृती स्वतःच वाक्याची कर्ती होते: ‘आकृती ३ अमुक दाखविते’. दुसरीत लेखक आपले विधान करतो व साक्षीला आकृती उभी करतो: ‘आकृती ३ मध्ये दाखविल्याप्रमाणे’. तिसरीत विधान पुरे करावयाचे आणि शेवटी नुसत्या कंसात आकृतीचा आकडा घालावयाचा. मला ही तिसरी वाट फार आवडली. तीत लेखक वाचकाचा हात धरून ओढीत नाही. वाक्य आपल्या पायांवर उभे असते; ज्याला खातरी करून घ्यावयाची असेल त्याने कंसातला आकडा पाहून जावे, नसेल त्याने पुढे वाचावे. काळाचाही एक बारकावा आहे. पाणी गोळा केले, मोजले, हे सारे भूतकाळात सांगतात. पण आकृती ‘दाखविते’, ती वर्तमानात. कारण मोजणे होऊन गेले. आकृती मात्र वाचकापुढे अजून उघडी आहे.

आता ‘कोठे?’ या टिपणाकडे येतो. ‘तिसऱ्या आकृतीत दाखविल्याप्रमाणे प्रदूषण वाढत जाते’ असे तिने लिहिले होते. तिसरी आकृती म्हणजे नदीचा नकाशा. अंबरनाथच्या शिवालयापासून कल्याणच्या खाडीपर्यंत जेथे जेथे तिने पाणी भरून घेतले त्या जागा त्यात टिंबांनी दाखविल्या होत्या. मी तिला विचारले, “या नकाशात प्रदूषण कोठे आहे? मला तर टिंबे दिसतात.” ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “ते पुढच्या आलेखात आहे.” आलेख काढला. त्यात चार रेषा, चार रंगांच्या. मी पुन्हा विचारले, “यांतली कोणती रेषा पाहू? वर जाणारी की खाली येणारी?” पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची रेषा खाली उतरत होती, आणि तिचे उतरणे हेच पाणी बिघडल्याचे लक्षण होते. हे तिला पक्के ठाऊक होते. तिला ते इतके ठाऊक होते की सांगण्याची गरजच तिला वाटली नव्हती.

श्रोतेहो, आकृती फक्त रेषा दाखविते. ‘वाढते’, ‘घटते’, ‘बिघडते’ हे विधान लेखकाचे असते, आणि ते कोणत्या रेषेवरून केले हे सांगण्याचे ऋणही लेखकाचेच असते. ‘आकृती पाहा’ म्हणून मोकळे होणे म्हणजे पाहुण्याला ‘स्वयंपाकघरात डबे आहेत, घ्या हवे ते’ असे सांगून ओसरीवर जाऊन बसण्यासारखे आहे.

हा दोष आजकालच्या मुलांचाच आहे असे कोणी समजू नये. आकृती आणि मजकूर यांचा संसार पूर्वीपासून ओढगस्तीचा आहे. युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे छापण्याचे यंत्र निराळे आणि खिळ्यांचा मजकूर छापण्याचे निराळे. त्यामुळे चित्रांची पाने स्वतंत्र छापून पुस्तकाच्या शेवटी बांधीत. फ्रान्समधील दीदरोच्या विश्वकोशाच्या मजकुराचे १७ खंड १७५१ ते १७६५ या काळात निघाले आणि चित्रांचे ११ खंड १७६२ ते १७७२ या काळात. म्हणजे एक खंड मांडीवर आणि दुसरा मेजावर उघडून वाचकाने मान हलवीत राहावयाचे! अशा ठिकाणी आकड्यावाचून गती नव्हती. आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले. त्या शिळाछापाची सोय अशी की, जो हात अक्षरे लिही त्यालाच त्याच दगडावर आकृतीही काढता येई, आणि आकृती मजकुराच्या शेजारी नांदे. पुढे खिळ्यांचे मुद्रण सर्वत्र झाले आणि ती शेजारपणाची सोय गेली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘आ. १’, ‘आ. २’ असे आकडे आहेत, गुळगुळीत कागदावरची चित्रपत्रे आहेत, आणि नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदींची नावे आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ही शिस्त मराठीत इतक्या मोठ्या प्रमाणावर पाळली गेली, याचे श्रेय मी फार मोठे मानतो.

अक्षरांचीही एक मौज येथे सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या भूमितीत त्रिकोण असे तो ‘अबक’, आणि चौकोन ‘अबकड’. कधी मनात आले आहे का, की ही अक्षरे आपल्या बाराखडीच्या कोणत्या क्रमात बसतात? कोणत्याच नाही. अ नंतर ब येत नाही, आणि क नंतर ड येत नाही. ही इंग्रजी ए, बी, सी, डी यांची मराठी सोंगे होत! अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या सम्राट जगन्नाथाने युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. तो ‘रेखागणित’ ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबई संस्कृत मालेत छापला गेला. त्यात त्रिकोण आहे तो ‘अबज’. कारण अरबी अक्षरांचा जुना क्रम अलिफ, बे, जीम, दाल असा आहे. आकृतीच्या कोपऱ्यांवरची ही चिमुकली अक्षरे कोणत्या बंदरातून माल आला ते असे सांगून जातात. आता मराठी माध्यमाच्या वरच्या वर्गांत सरळ रोमन अक्षरेच असतात. त्याबद्दल मला खेद नाही. अक्षर कोणत्याही लिपीचे असो. आकृतीवरचे अक्षर व वाक्यातले अक्षर एकच असले म्हणजे काम झाले.

भास्कराचार्यांची गोष्ट तर आपल्याला ठाऊक असेलच. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत सिद्ध करताना त्यांनी नुसती आकृती काढली आणि खाली एकच शब्द लिहिला, ‘पाहा’. असे इंग्रजी पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगतात. मीही वर्गात कैक वर्षे ती सांगितली. परंतु ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या ‘बीजगणिता’त आकृतीबरोबर तिचा हिशोबही मांडलेला आहे, हे मला उशिरा कळले. तो हिशोब इतका सोपा आहे की नभोवाणीवरही सांगता येईल. पाच हात बाजूचा एक चौरस घ्या. त्याच्या चारी बाजूंना आतून एकेक काटकोन त्रिकोण बसवा, ज्याच्या भुजा तीन हात आणि चार हात. मध्ये एक लहानसा चौरस उरतो, एक हात बाजूचा. एका त्रिकोणाचे क्षेत्र सहा, चारांचे चोवीस, मधला चौरस एक, मिळून पंचवीस. आणि तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, त्यांचीही बेरीज पंचवीस. आचार्यांनी नुसते ‘पाहा’ म्हटले नाही; काय पाहावयाचे तेही सांगितले. नुसत्या ‘पाहा’ची दंतकथा आम्हां शिक्षकांना इतकी प्रिय का झाली असावी, हे मी आपल्यावर सोपवितो.

आता आपल्या हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एक खेळ करू. अंबरनाथचे शिवालय आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, वालधुनीच्याच काठी आहे. शिलाहारांच्या काळचे; तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. १८६८ साली मुंबई सरकारने त्याची रेखाटने व साचे करविले, १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात त्याचे वर्णन आले, आणि हेन्री कझेन्स यांनी १९३१ साली दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर जो ग्रंथ लिहिला त्यात चित्रपत्रांसह ते आहे. चित्रपत्र आपल्यापुढे नाही, असे समजून चला. कागदावर एक चौकोन काढा. पण पाटासारखा सरळ नव्हे, शंकरपाळ्यासारखा, एक कोपरा आपल्याकडे करून. त्याच्या पलीकडच्या कोपऱ्याला कोपरा टेकवून तसाच दुसरा शंकरपाळा काढा. आपल्या बाजूचा तो सभामंडप. त्याचे तोंड पश्चिमेला. पलीकडचा तो गाभारा. तेथे पायऱ्या उतरून खाली जावे लागते. आता दोहोंच्या कडांना करवतीसारखे काटकोनी दाते पाडा. झाला देवळाचा आराखडा. प्रत्यक्षात शिल्पांची जी गर्दी आहे ती त्यात नाही; पण ‘सोबतचे चित्र पाहा’ एवढेच म्हणून मी थांबलो असतो तर आपल्यापाशी कोरा कागद उरला असता.

हे ज्ञान मला नभोवाणीने दिले असे मात्र नाही. ते एका मुलाने दिले, आणि त्याची किंमत त्याने भरली.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगा बसत असे. तोंडी हिशोबात हुशार, पण भूमितीची वही कोरी. मी फळ्यावर त्रिकोण काढी आणि खडूने ठोकीत म्हणे, “हे पाहा, इथून इथपर्यंत ही बाजू, आणि हा इथला कोन या इथल्या कोनाएवढा.” सारा वर्ग मान हलवी, तोही हलवी. वार्षिक परीक्षेत त्याने भूमितीचे सारे प्रश्न सोडून दिले. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिले, ‘वर्गात लक्ष देत नाही’. सुटीनंतर त्याची आई त्याला घेऊन आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की मुलाची दृष्टी जन्मतःच फार अधू आहे, चष्म्याने थोडेच भागेल. पहिल्या बाकावरून त्याला फळा दिसे, फळ्यावरची रेषा दिसत नसे. मी त्याला विचारले, “अरे, वर्षभर बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “सर, सगळ्यांना दिसत होतं. मला वाटलं, ‘इथं’ म्हणजे कुठं ते माझं मलाच समजत नाही.”

त्यानंतर मी ‘इथून इथपर्यंत’ म्हणणे सोडले. ‘अ पासून ब पर्यंतची बाजू, पाच सेंटिमीटर, ब पाशी काटकोन’ असे नाव घेऊन, आकडा घेऊन सांगू लागलो. तो मुलगा पुढच्या वर्षी भूमितीत उत्तीर्ण झाला, चांगल्या गुणांनी नव्हे, पण झाला. पुढे त्याच्या वडिलांनी बिऱ्हाड हलविले आणि तो मला पुन्हा भेटला नाही. मी लिहिलेला तो शेरा मात्र त्याच्या पुस्तकात तसाच राहिला. खोडण्याचे मला सुचलेच नाही.

त्या मुलीच्या प्रबंधाकडे परत येतो. दोन आठवडे ती रोज संध्याकाळी येत असे. प्रत्येक आकृतीपाशी मी डोळे मिटून बसे आणि ती मला वाक्य वाचून दाखवी. मला डोळे न उघडता काय पाहावयाचे ते कळले, तर वाक्य पास. न कळले तर पुन्हा लिही. पाण्याच्या रसायनशास्त्रातले मला ओ की ठो कळत नाही, तरी त्या परीक्षेला ते फार उपयोगी पडले. ‘आकृती ५ मधील निळी रेषा दुसऱ्या व तिसऱ्या ठिकाणांच्या दरम्यान एकदम खाली येते’ असे तिने लिहिले तेव्हा मला प्रथमच समजले की नदीचे दुखणे नेमके कोठे सुरू होते.

शेवटी उरली ती चौथी आकृती, वर्तुळातली. ते छायाचित्र होते. एका नाल्यात गुडघाभर पाण्यात एक मनुष्य बांबू धरून उभा होता. मजकुरात त्याचा उल्लेख नव्हता. नियम स्पष्ट होता: एक तर हाक मारा, नाही तर काढून टाका. ती म्हणाली, “काढूनच टाकते सर. तसं त्याचं काही काम नाही.”

मी विचारले, “हा मनुष्य कोण?”

“बाबा.”

“आणि हातात काय आहे?”

“बांबू. त्यावर आम्ही ब्लेडनं खुणा केल्या होत्या, दर दहा सेंटिमीटरला. पाण्याची खोली मोजायला. मी काठावर वहीत लिहायची आणि बाबा पाण्यात उतरायचे. कामावर जायच्या आधी, पहाटे.”

“खोली किती वेळा मोजली?”

“प्रत्येक वेळी, सर.”

मी तिच्यापुढे वही सरकविली. तिने जरा विचार केला आणि इंग्रजीत एक वाक्य लिहिले, त्याचा अर्थ असा: पाण्याची खोली दर दहा सेंटिमीटरला खूण केलेल्या बांबूने मोजली, पाण्याच्या पृष्ठाशी दिसणारी खूण ही त्या दिवशीची नोंद होय. आणि पुढे कंसात, आकृती ४.

“बाबांचं नाव कुठं घालू?” तिने विचारले. आकृतीखालच्या ओळीत कोठे बसेल ते आम्ही पाहू लागलो.